मागे घेतलेले हात

प्रिय माणिक,

तुझं पत्र मिळालं. तू ते मळ्यावर पाठवलं होतंस, बाबांनी माणसाच्या हाती माझ्याकडे धाडलं. मी आता मळ्यावर नाही, शाळेतही नाही; कुठे आहे ते ओघात येईलच. पत्रात तू थोडकंच लिहिलंस. पोराचं बारसं झालं, केशव नाव ठेवलं, आपल्या सत्तूचा पुढचा दात पडला, आमचं वाजवणं छान झालं, गावात लोक काय बोलतात ते. आणि शेवटी एक ओळ, आधी लिहून खोडलेली आणि खाली पुन्हा लिहिलेली, की माझं असं काय चुकलं म्हणून तुम्ही पोराला हात लावला नाही. माणिक, तुझं काही चुकलं नाही. एवढं आधी लिहून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुझं मन कुठल्या कुठे जाईल आणि हे वाक्य राहून जाईल. आता बाकीचं क्रमानं सांगतो. घाई करून मला सांगता येणार नाही.

ब्रॅडलीबाईंना तू ओळखतेस. आपल्या लग्नात खुर्ची दिली तरी सगळ्या बायांमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या आणि उठताना दोघींना त्यांना हात द्यावा लागला होता. मी नाटक कंपनी सोडून अमरावतीला परत आलो तेव्हा त्यांनीच मला कॅम्पातल्या त्यांच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत गाण्याचा मास्तर म्हणून घेतलं. कंपनीत मी फिडल वाजवायचो ते गाणाऱ्याच्या मागे मागे धावत. कागदावरचे सूर वाचायला मला बाईंनी शिकवलं. त्यांच्या बंगल्यात पियानो आहे. वऱ्हाडात आल्यापासून त्यावर त्या एकट्याच वाजवत आल्या. प्रार्थनेची गाणी, मुलींच्या कवायतीची गाणी, आणि दुपारी दार लोटून स्वतःसाठी काहीतरी. मला वाचता यायला लागल्यावर आम्ही दोघं वाजवू लागलो. मग मागल्या वर्षी बडनेऱ्याला डिमेलो बदलून आला. गोव्याचा माणूस, रेल्वेत गार्ड, आणि त्याच्याकडे बापाचा चेलो. सत्तू त्याला म्हशीएवढं फिडल म्हणते ना, तेच. दर शनिवारी तो टांग्यात ती मोठी पेटी शेजारी उभी करून यायचा आणि टांगेवाला राजापेठेतून येताना लोकांना सांगायचा की आत बाई बसली आहे.

त्या शनिवारांबद्दल मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू विचारायचीस, आज काय वाजवलं, आणि मी म्हणायचो, तेच. खरंच तेच असायचं. पियानो, फिडल आणि चेलो या तिघांसाठी कुणा जर्मन माणसानं लिहिलेली एक मोठी चीज, तिचे तीन भाग, आणि आम्ही पावसाळाभर तिच्यातच होतो. कंपनीत एक पुढे असतो आणि बाकीचे त्याच्या मागे. इथे कुणीच पुढे नव्हतं. बाई म्हणायच्या, तीन माणसं एका खोलीत बोलत बसली आहेत असं समजा, आणि प्रत्येकानं स्वतः बोलतानासुद्धा दुसऱ्याचं ऐकायचं आहे. हे मला फार उशिरा जमलं. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी मी मळ्यापर्यंत सायकल हाती धरून चालत आलो, बसलोच नाही, आणि तू विचारलंस, चाकात हवा नाही का?

बाईंची नोकरीची वर्षं संपत आली होती. उन्हाळ्याआधी त्या विलायतेला परत जाणार. जाण्यापूर्वी एकदा ही चीज लोकांपुढे वाजवावी असं त्यांच्या मनात होतं. अमरावतीतच त्यांच्या शाळेत करायचं ठरत होतं. अकोल्याला ठेवा असा हट्ट मी धरला. तिथल्या रेल्वेच्या हॉलात पियानो आहे, डिमेलोची ओळख आहे, अशी कारणं मी दिली. पण तू बाळंतपणाला माहेरी होतीस, तिथे तुला ऐकता येईल, सत्तूला बघता येईल, हे खरं कारण होतं. बाईंना ते कळलं होतं. त्या हसल्या आणि हो म्हणाल्या.

दिवाळीनंतर माझा एक सूर उतरू लागला. करंगळीनं धरायचा सूर. मी बोट जिथे टेकवायचो तिथे ते टेकतच नव्हतं, जरासं अलीकडे पडायचं. बाई थांबायच्या, पियानोची ती एक पट्टी दाबून खरा सूर ऐकवायच्या आणि म्हणायच्या, पुन्हा. एकदा चष्मा काढून त्या आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "सूर्यभान, तुमची करंगळी झोपली आहे." आम्ही तिघंही हसलो. मी मळ्यावर येऊन तासन् तास तो एकच सूर घोटला. बाबा वाफ्यातून ओरडायचे की बैलाला पाणी पाजायचं सोडून हा काय मच्छर मारून राहिला. सूर सुधारला नाही. मग शेजारचं बोटही तसंच होऊ लागलं. मी म्हटलं थंडी आहे, हात आखडतात.

एका शनिवारी मधला संथ भाग चालू असताना डिमेलो वाजवायचा थांबला. "अरे मास्तर," तो म्हणाला, "खून निकल रहा है." नव्या पोलादी तारेनं माझं करंगळीचं टोक कापलं होतं. फिडलच्या मानेवरून रक्त मनगटापर्यंत आलं होतं आणि बाहीला लागलं होतं, आणि मी वाजवत होतो. बाईंनी बोट धुऊन पट्टी बांधली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना वाटलं, काय ही माणसाची एकाग्रता. मीही तसंच समजून घेतलं. पण पट्टी बांधताना आयोडीन लावलं तेव्हा डिमेलोनं तोंड वाकडं केलं आणि मी केलं नाही. ते माझं मला कळलं.

तू घरी नव्हतीस म्हणून सकाळचा चहा मीच करायचो. त्यानंतर चार-दोन दिवसांनी चुलीवरचं पातेलं मी डाव्या हातानं उतरवलं, फडकं न घेता, विसरून. वास आला. काय करपलं म्हणून मी चुलीत बघितलं, दुधात बघितलं, आणि मग हाताकडे बघितलं. पातेलं खाली ठेवून मी दुखण्याची वाट बघत उभा राहिलो. माणिक, दुखणं आलंच नाही. बाहेर माय गाईला हाका मारत होती, कोंबडा ओरडत होता, आणि मी माझ्याच हाताकडे असा बघत होतो जसा वाटेत पडलेला कुणाचा तरी हात बघावा.

मग मला दंडामागचा तो चट्टा आठवला. मागल्या उन्हाळ्यात तुलाच तो आधी दिसला होता. घामानं झालं असेल म्हणून तू त्यावर कडुलिंबाचा पाला वाटून लावायचीस. खाजत नाही ना, असं तू विचारायचीस आणि मी सांगायचो, बिलकुल नाही. आपल्याला दोघांनाही ते बरंच लक्षण वाटलं होतं.

राजापेठेत महादेवराव डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. भला माणूस. त्यांनी चट्टा पाहिला, बोटं पाहिली, मग माझा कोपर हातात घेऊन आतल्या बाजूची शीर चाचपली. तिथे दोरीसारखं काहीतरी जाड झालं होतं, ते त्यांनी मलाही चाचपायला लावलं. नंतर ते हात धुवायला आत गेले आणि फार वेळ धूत राहिले. परत आले ते खुर्चीवर बसले नाहीत, दाराशीच उभे राहिले. घरात कोण कोण आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मुलगी सात वर्षांची, बायको अकोल्याला माहेरी, नुकताच मुलगा झाला. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "त्यायले तिकडंच राहू द्या. आणि तुमी जाऊ नोका." त्यांनी रोगाचं नाव घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्याकडे ते नाव विचारावं लागत नाही. मायच्या माहेरच्या गावात एक माणूस नदीपलीकडे झोपडीत राहायचा. त्याच्या घरच्यांना लोक आजही त्याच्या नावानं ओळखतात, त्यांच्या नावानं नाही.

कार्यक्रम दोन आठवड्यांवर आला होता. तेव्हाच बाईंना सांगायला हवं होतं, कार्यक्रम मोडायला हवा होता. मी सांगितलं नाही. बाईंच्या जन्माची आस आहे, असं मी स्वतःला बजावलं. तेही खोटं नव्हतं. पण मला वाजवायचं होतं, माणिक. मला एकदाच ते लोकांपुढे, तुझ्यापुढे वाजवायचं होतं, आणि आता एकदाच म्हणजे खरोखर एकदाच हे मला ठाऊक झालं होतं.

बोटाला कळत नसेल तर डोळ्यांनी बघून ते ठेवावं लागेल, एवढं मला उमगलं. डोळे बोटांवर ठेवायचे तर कागदावर ठेवता येत नाहीत. म्हणून मी सगळी चीज तोंडपाठ केली. जिथे करंगळीचं काम होतं तिथे पहिल्या दोन बोटांनी उड्या मारत जायला शिकलो. बाईंनी एकदा विचारलं, हे असं का? मी म्हटलं, असं सोपं जातं. फक्त मधल्या भागात एक लांब सूर होता, तो करंगळीशिवाय धरताच येत नव्हता. पियानो खाली हळूहळू पायऱ्या उतरतो आणि फिडल वर तो एक सूर धरून थांबतं. तिथे पोचलो की मी देवाचं नाव घ्यायचो.

अकोल्याचा तो दिवस तू पाहिलास. पण मी कुठून पाहिला ते सांगतो. कापसाच्या गाड्यांनी स्टेशनापासून रस्ता भरला होता, आमचा टांगा बैलांमागून रांगत आला. हॉलातल्या पियानोची एक पट्टी दाबली की वर यायलाच तयार नव्हती. बाईंनी दुपारभर ती पट्टी चुकवून कसं वाजवायचं ते बसवलं. मग माणसं आली. रेल्वेचे साहेब, वकील, कापसाच्या जिन-कारखान्यांचे शेटजी, त्यांच्या कोटांवर सरकीची लव. उजवीकडे बायांच्या खुर्च्या. तू हिरव्या लुगड्यात होतीस आणि मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला तो. सत्तूनं मला पाहून हात हलवला, तुझ्या बाबांनी तिचा हात खाली केला. बाईंनी काळा झगा घातला होता. त्या रुमालानं पुन्हा पुन्हा तळहात पुसत होत्या, आणि त्यांना वाटत होतं की घाबरलेल्या आपण एकट्याच आहोत.

पहिला भाग नीट गेला. मधला सुरू झाला. लोक कंटाळलेले मला दिसत नव्हते, ऐकू येत होते. खुर्च्या करकरत होत्या, कुणी खोकत होतं. तो लांब सूर जवळ आला आणि नेमका तेव्हाच जिनाचा भोंगा वाजला. बाईंनी पट्ट्या दाबून धरल्या आणि थांबल्या. डिमेलोनं गज उचलून धरला. लोक हसले. भोंगा संपेपर्यंत आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो, आणि बाईंच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की जणू हे सगळं लिहिणाऱ्यानंच भोंगाही लिहून ठेवला होता. मग त्यांनी मान हलवली. मी करंगळीकडे बघत ती तारेवर ठेवली. खाली तार आहे की वारा आहे हे मला कळायला मार्ग नव्हता. गज ओढला. सूर आला. माणिक, तो खरा होता. हॉलात खुर्ची वाजली नाही. पण तो मी काढला असं मला वाटलं नाही. दुसऱ्या कुणी शेजारच्या खोलीत वाजवावा आणि आपण भिंतीला कान लावून ऐकावा, तसा तो मला ऐकू आला. इतकी वर्षं ज्यासाठी घालवली ते हाताशी आलं तेव्हा हातच नव्हता.

तिसरा भाग जलद. तिथे डोळे बोटांना पुरले नाहीत. दोन ठिकाणी मी पार घसरलो, नुसता खरखराट झाला. डिमेलोनं तिथे गज जोरात दाबून मला झाकून घेतलं, बाईंनी चाल थोडी सावकाश केली. लोकांना कळलं नसावं. टाळ्या वाजल्या, सत्तूच्या टाळ्या सगळ्यांच्या थांबल्यावरही चालू होत्या. पण माझ्या कानात तो खरखराटच राहिला, अजून आहे. तू पत्रात लिहिलंस की छान झालं. छान झालं नव्हतं. तुला नंतर कुणी ऐकवलं तर मनात धरू नको.

मग तो व्हरांडा. मी कुठल्याही वाटेनं निसटून जायचं ठरवलं होतं, पण तू दाराशीच उभी होतीस. बाळंतपणानं वाळलेली आणि तरी हसत. तू त्याला दुपट्यातून मोकळा केलास आणि माझ्यापुढे धरलास. त्याचं जावळ मी पाहिलं. त्याच्या कपाळावर आमच्या बाबांसारखा आडवा आठ्यांचा पट्टा आहे, तो पाहिला. "घ्या नं," तू म्हणालीस. मी उजव्या हातात फिडलची पेटी धरली होती, डावा हात मी पाठीमागे नेला. तुला वाटलं मोठ्यांसमोर लाजतात. तू आणखी पुढे आलीस आणि हळूच म्हणालीस, "बापाच्या हाताची वाट पाहून राहिला तो." आणि मी पेटीही पाठीमागे घेतली आणि मागे सरकलो.

तुझे बाबा जवळच होते. खुशालरावांनी लग्नाच्या वेळी म्हटलं होतं की फिडलवाल्याले कोनी पोरगी देते काय, पण दिल्यानंतर त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही. त्या दिवशी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "सायबाचं बाजं वाजवून हात लय मोठे झाले वाटते. आपल्या पोराले लावाले चालत नाहीत." सत्तू धावत आली आणि माझ्या पायांना मिठी मारायला झेपावली, मी बाजूला झालो, ती जमिनीवर पडली. तिच्या गुडघ्याला खरचटलं. तिला उचलायला मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. मग गाडी सुटते म्हणून निघून आलो. गाडीला बराच अवकाश होता. बाई आणि मी स्टेशनावर बाकावर बसून होतो आणि त्यांना कळत नव्हतं की एवढं चांगलं झाल्यावर हा असा का बसला आहे.

गाडीत मी त्यांना सांगितलं. डिमेलो त्या दिवशी अकोल्यालाच ड्यूटीवर राहिला होता, डब्यात आम्ही दोघंच. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या शाळेत दर वर्षी मुलींना शिकवतात की प्रभूनं महारोग्यांना हात लावून बरं केलं. माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी आपल्या झग्याचा घोळ गोळा करून स्वतःकडे ओढून घेतला. जाणूनबुजून नाही. आपण काय केलं ते त्यांना लगेच कळलं आणि त्या इतक्या ओशाळल्या की बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिल्या. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या हातून ते झालं म्हणून इतरांच्या हातून काय होईल ते मला समजलं. पुढे त्यांनीच पत्रं लिहिली, इथली जागा मिळवून दिली. मागल्या महिन्यात त्या बोटीनं गेल्या. पियानो शाळेतच ठेवून गेल्या. आता तो कुणी उघडत नाही, असं डिमेलोनं कळवलं.

बाबांना सांगायला मी मळ्यावर गेलो तेव्हा ते शेवंतीला पाणी देत होते. त्यांनी मोट थांबवली नाही. "रगतपिती," ते म्हणाले, विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मग म्हणाले, "खोपीत राहा. कोनाले सांगू नोको." खोपीत मी काही दिवस राहिलो. माय भाकर बांधावर ठेवायची आणि मी तिथवर जाईपर्यंत उभी राहायची, मग पदर तोंडाशी धरून मागे सरायची. तिनं एकदाही विचारलं नाही की तुला बरं वाटतं का. पण तिथे राहणं जमणारं नव्हतं. आपली फुलं देवळात जातात, लग्नाघरी जातात, नवरा-नवरीच्या गळ्यात पडतात. मळ्यातल्या खोपीत कोण आहे हे एकदा फुटलं की बाबांचं, नत्थुजी माळ्याचं फूल कोण घेईल? दादाच्या दोन पोरी लग्नाच्या आहेत. फिडल मी खोपीमागे जाळलं. ते जळायला वेळ लागला नाही, जुनं वाळलेलं लाकूड. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो.

एलिचपुराच्या पलीकडे मिशनचा दवाखाना आहे, तिथे मी आता असतो. इथे आम्हाला कडू कवठीच्या तेलाची सुई टोचतात. ती दंडात दुखते, आणि दुखते म्हणून इथले लोक तिला भाग्याची म्हणतात. डॉक्टर म्हणतात, रोग आहे तिथे थांबेल, कदाचित थांबेल. गेलेलं परत येणार नाही. माझी करंगळी आता आत वळायला लागली आहे. इथे रविवारी प्रार्थनेला पेटी वाजवतात. मास्तर होतास तर तू वाजव, असं म्हणाले. मी नाही म्हटलं. मी तिथे जातही नाही. रोज सकाळी उठल्यावर एक क्षण मला काही आठवत नाही, आणि मग आठवतं. बरं होऊन तुमच्यात परत येईन असं मी लिहिणार नाही. तशी आशा मी करत नाही, तू करावीस असंही मला वाटत नाही.

तू लिहिलंस की गावात लोक बोलतात, तुझा नवरा मडमेच्या नादी लागून बाटला, म्हणून तो पोराला शिवला नाही. तुझ्या बाबांनी खाली मान घातली, असं तू लिहिलंस. माणिक, लोकांना तसंच बोलू दे. तूही तसंच सांग. किरिस्ताव झाला, नागपूरकडे गेला, संपर्क ठेवत नाही, असं सांग. शिव्या देऊन सांग. बाटलेल्याच्या पोरीला स्थळ येतं, उशिरा येतं पण येतं. रगतपितीवाल्याच्या पोरीला येत नाही. खुशालरावांना खरं सांगायचं की नाही ते तू ठरव. मला विचारशील तर सांगू नको. ते शिव्या देतात तोवर तुला धरून राहतील. कुंकू पुसू नको. केशव मोठा झाल्यावर विचारेल तेव्हा त्यालाही हेच सांग. बापानं टाकलं म्हणून तो चिडेल. चिडू दे.

हे सगळं तुला न सांगता तसंच राहू द्यावं, असंच मी ठरवलं होतं. तू मला वाईट समजून विसरली असतीस तर बरंच होतं. तरी लिहायला बसलो ते सत्तूसाठी. तुम्ही माहेरी जाण्याआधी वर्षभर मी तिला फिडल शिकवत होतो. तिला मांडीवर घ्यायचो आणि तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवून तारा दाबायचो, याच हाताची. इथल्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, लहान मुलांना लवकर लागतं, आणि लवकर कळलं तर थांबवता येतं. तेव्हा तू एवढं कर. तिला अंघोळ घालताना उजेडात बसव. पाठ, दंड, मांड्या, गाल, सगळं बघ. फिकट चट्टा दिसला तर पाला लावू नको. मग कापसाचं बोंड घे, त्यातला तंतू काढ आणि तिला सांग की हा खेळ आहे: डोळे मिट, मी तुला जिथे शिवेन तिथे बोट ठेव. हात, बोटं, कोपर, पाय, सगळीकडे करून बघ. मग तुझ्या स्वतःच्या हातांवरही कर. तू माझा चट्टा चोळायचीस. जरा जरी शंका आली तर कुणाला न सांगता तिला घेऊन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जा, अकोल्यात दाखवू नको. आणि ऐक, तिचे डोळे पदरानं घट्ट बांध. तिला हरायला आवडत नाही. ती पापण्यांतून बघेल आणि तू कुठे शिवलीस ते न कळताही बरोबर सांगेल.

तुझाच,
सूर्यभान